डिबेटमध्ये नि ग्रामसभेत मुद्दा कसा मिळवायचा: गोव्यातल्या कार्यकर्त्यांसाठी

निवडणूक जवळ आली, मग ती पंचायतीची असो की विधानसभेची, आपल्याकडच्या चॅनलवर रोज संध्याकाळी पॅनल बसायला लागतं आणि पक्षांना अचानक बोलणारी माणसं कमी पडतात. मग एखाद्या तरुण पोराला नाहीतर महिला आघाडीतल्या एखाद्या ताईला दुपारी तीनला फोन येतो की आज संध्याकाळी स्टुडिओत बसायचंय, विषय व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. अशा लोकांना मी बरीच वर्षं मदत करतोय, डिचोली-सत्तरीकडचे पंच, वाड्यावरचे कार्यकर्ते, एनजीओवाले, पक्ष कुठलाही असो. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

आधी एक ठरवून घ्या, मुद्दा मिळाला हे ओळखायचं कशावरून. समोरचा गप्प झाला, आपल्या ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडले, अँकर हसला, ह्याने काही होत नाही. माझ्या हिशेबाने मुद्दा तेव्हा मिळाला जेव्हा दुसऱ्या दिवशी समोरच्याला त्यावर काहीतरी उत्तर द्यावंच लागतं, म्हणजे खात्याकडून खुलासा येतो, मंत्री तारीख सांगतो, पंचायतीच्या इतिवृत्तात ओळ चढते. बाकी सगळा आवाज. आणि गोवा एवढा छोटा आहे, विधानसभेच्या जागा ४०, पंचायती १९१, की आज टीव्हीवर ज्याला तुम्ही वाट्टेल ते बोललात तो रविवारी कुठल्यातरी लग्नात तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला असतो आणि मधली सगळी माणसं दोघांना ओळखतात. त्यामुळे इथे खोटं बोलून मिळवलेला मुद्दा आठवडाभर पण टिकत नाही.

कोणासाठी बोलताय

नव्या माणसाला वाटतं आपल्याला समोर बसलेल्या प्रवक्त्याला पटवायचंय. त्याला पटणार नाही, पटलं तरी तो बोलणार नाही, तो त्याच्या पक्षाच्या कामावर आलाय. तुमच्या बाजूचे लोक आधीच तुमचे आहेत. तुम्ही बोलायचं ते घरात चहा पीत अर्धं लक्ष देऊन बघणाऱ्या माणसाशी, ज्याने अजून ठरवलेलं नाही.

गोव्याच्या इतिहासात ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश (केंद्रशासित) राहावा, मतपत्रिकेवर चिन्हं फूल की दोन पानं. विलीनीकरणाची बाजू मराठीतून मांडली जात होती, बहुजन समाज मराठी वाचणारा, आणि विलीनीकरणाच्या विरोधकांनी काय केलं तर मडगावहून 'राष्ट्रमत' हे मराठी दैनिक चालवलं, संपादक चंद्रकांत केणी, त्यात उदय भेंब्रे यांचा स्तंभ. कोकणीचा कैवार घेणाऱ्यांनी मराठीत लिहिलं, कारण ज्याचं मत वळवायचं होतं तो वाचक मराठी पेपर वाचत होता! निकाल लागला तेव्हा विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१, फरक ३४,०२१ मतांचा. तुमचं मत त्या कौलाबद्दल काहीही असू दे, मराठी माणूस म्हणून कुणाला अजून वाईट वाटत असेल तर तेही मी समजू शकतो, पण प्रचार कसा करायचा हे शिकायला त्याच्यासारखा धडा आपल्याकडे दुसरा नाही.

त्याच कौलातली दुसरी गोष्ट जरा जास्त लक्ष देऊन बघण्यासारखी आहे. विलीनीकरणाच्या विरोधकांचे नेते जॅक सिक्वेरा यांनी जोर कशावर दिला? विलीनीकरण वाईट एवढ्यावरच ते थांबले नाहीत, हा निर्णय विधानसभेतल्या बहुमताने व्हायचा नाही, लोकांना विचारा, ही मागणी त्यांनी दिल्लीपर्यंत लावून धरली. म्हणजे कोण ठरवणार हा प्रश्न आधी जिंकला. आणि दुसऱ्या बाजूला, विलीनीकरणाच्या, तेव्हाचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर, त्यांचं सरकार सत्तेवर असताना कौल निष्पक्ष कसा होणार असा आक्षेप आला तेव्हा डिसेंबर १९६६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. कौल ते हरले, पण मार्च १९६७ च्या निवडणुकीत त्यांचा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष ३० पैकी १६ जागा घेऊन परत आला आणि बांदोडकर परत मुख्यमंत्री झाले. मला वाटतं त्या राजीनाम्याने त्यांचा शब्द लोकांत वजनदार राहिला. समोरच्याचा आक्षेप रास्त असेल तर तो मान्य करून टाकण्यात नुकसान नसतं, हे मी पोरांना ह्याच उदाहरणावरून सांगतो.

कागद

तयारीला दोन तास असतील तर दीड तास कागद शोधण्यात घालवा, अर्धा तास वाक्यं बसवण्यात. उलटं करू नका.

पहिला कागद म्हणजे एलएक्यू, विधानसभेतले प्रश्न आणि त्यांची उत्तरं. पर्वरीला विधानसभेचं अधिवेशन चालतं तेव्हा आमदार तारांकित आणि अतारांकित प्रश्न विचारतात, खात्यांची लेखी उत्तरं येतात, ती विधानसभेच्या वेबसाइटवर मिळतात, जोडपत्रांसकट. किती पदं भरली, कुठल्या रस्त्यावर किती खर्च, किती परवाने दिले, सगळं खुद्द मंत्र्याच्या नावाने. ह्यापेक्षा भारी पुरावा नाही, कारण समोरचा प्रवक्ता स्वतःच्याच सरकारचं उत्तर खोटं म्हणू शकत नाही. पत्रकार हे रोज वापरतात आणि आपले कार्यकर्ते कधी उघडून बघत नाहीत ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. दुसरा कागद राजपत्र, जमिनीच्या झोन बदलाच्या (शेती, वस्ती असा वापर बदलायच्या) अधिसूचना तिथेच असतात. तिसरा कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा अहवाल. आणि वेळ हाताशी असेल तर माहिती अधिकार, २००५ चा कायदा, अर्जाला १० रुपये, ३० दिवसांत उत्तर द्यायचं बंधन, नाही दिलं तर पहिलं अपील. आरटीआय डिबेटच्या दिवशी कामाचा नाही, तो महिनाभर आधी टाकून ठेवायचा असतो, म्हणून ज्या विषयावर तुम्ही कायम बोलता त्यावर वर्षातून दोनतीन अर्ज फिरत ठेवा.

कागद मिळाला की त्याची प्रिंट काढा, ओळीखाली पेनने रेघ मारा, पान नंबर मोठ्या अक्षरात वर लिहा. कॅमेऱ्यासमोर धरायचा तर पोपडे निघालेला मोबाइल धरू नका, कागदच धरा. आणि बोलताना आधी उत्तराची तारीख, मग खातं, मग आकडा, ह्या क्रमाने. "अमुक अधिवेशनात पीडब्ल्यूडी मंत्र्यांनी लेखी सांगितलं की..." इथून सुरू केलं की अँकर पण मध्ये तोडायला कचरतो.

मधू लिमये १९५५ मध्ये सत्याग्रही म्हणून गोव्यात शिरले, पोर्तुगिजांनी त्यांना १२ वर्षांची शिक्षा दिली, १९५७ मध्ये सुटले, आणि पुढे लोकसभेत ह्या माणसाचा दरारा कशामुळे होता तर नियमांची पुस्तकं आणि कागदपत्रं घेऊन उभं राहण्यामुळे. आवाज मोठा म्हणून नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी त्यांची लोकसभेतली भाषणं शोधून वाचावीत.

आकडा पूर्ण वाचा

म्हादई नदीच्या पाण्यावरून कर्नाटकाशी चाललेल्या वादाचं घ्या, कारण गोव्यात ह्या विषयावर न बोलणारा पक्ष नाही. पाणीवाटपाच्या लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. आता आपला माणूस टीव्हीवर बसतो आणि म्हणतो, कर्नाटक आपलं १३.४२ टीएमसी पाणी वळवून नेतंय. समोरच्याने निवाडा वाचलेला असेल तर तो शांतपणे सांगतो की बाबा, त्यातलं ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी आहे, ते पाणी वापरून संपत नाही, १.५ टीएमसी खोऱ्यातल्या खोऱ्यात वापरायला, आणि खोऱ्याबाहेर मलप्रभा नदीत वळवायचं ते ३.९, कळसा नाल्यातून १.७२ आणि भांडुरा नाल्यातून २.१८. झालं. बघणाऱ्याच्या मनात आलं की ह्याला माहीत नाही, आणि पुढचं सगळं खरं बोललं तरी तो ऐकत नाही.

मुळात ३.९ हाच आकडा धरून बोललं असतं तर बाजू जास्त पक्की झाली असती. ते पाणी उगमाकडून उचललं जाणार, पावसाळा संपल्यावर नदीत मुळात पाणी कमी, प्रवाह आटला की खालून खारं पाणी वर चढतं, आणि वाटेत म्हादई अभयारण्य आहे, १९९९ मध्ये जाहीर झालेलं, वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम २९ सांगतं की परवानगीशिवाय अभयारण्यात येणारा पाण्याचा प्रवाह वळवता येत नाही. इथे प्रश्न विचारायचा, ती परवानगी कोणी दिली, दाखवा. मोठा आकडा सोडून छोटा पण पक्का आकडा घेतला की समोरच्याला पकडायला काही राहत नाही. कायम छोटा आकडा घ्या, बाजू खरी असेल तर तो पुरतो.

खाणींचं पण तसंच. बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा ३५ हजार कोटींच्या नुकसानीचा आकडा २०१२ पासून प्रत्येक सभेत ऐकू येतो, पण तो आयोगाने काढलेला अंदाज होता, कोणी तिजोरीत मोजलेली रक्कम नव्हे, हे तुम्हीच आधी सांगून टाका. मग विचारा की प्रत्यक्ष वसुली किती झाली. आधी स्वतःच मर्यादा सांगितली की पुढचा प्रश्न टोचतो.

"तुमच्या काळात काय झालं?"

हा प्रश्न येणारच, आणि गोव्यात तर तो दोन्ही बाजूंना लागतो. खाणीवरच बघा, २०१२ च्या आधीची बेकायदा खाण काढली की एका पक्षाला लागतं, २०१४-१५ मध्ये केलेलं लीजचं नूतनीकरण काढलं, जे सुप्रीम कोर्टाने ७ फेब्रुवारी २०१८ ला रद्द केलं, ८८ लीज, की दुसऱ्याला. त्यात आमदार इकडून तिकडे गेलेले. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८. म्हणजे तुम्ही पक्षाचं नाव घेऊन आरोप करता तेव्हा ज्याने तो निर्णय घेतला तो माणूस आज तुमच्याच व्यासपीठावर बसलेला असू शकतो, आणि समोरचा फोटो काढून दाखवतो. म्हणून माझा नियम असा की आरोप पक्षावर करायचा नाही, निर्णयावर करायचा. कुठला आदेश, कुठल्या तारखेचा, कुठल्या खात्याचा. तो आदेश पक्ष बदलत नाही.

आणि प्रश्न आलाच तर टाळू नका, "विषयांतर करू नका" असं तर अजिबात म्हणू नका, बघणाऱ्याला लगेच कळतं की दुखरी नस दाबली गेली. सरळ म्हणा, "हो, आमच्या सरकारच्या काळात पण झालं. तेव्हाही चुकीचंच होतं. आता ह्या वर्षीच्या परवान्याबद्दल सांगा." तीन छोटी वाक्यं, आणि तिसऱ्या वाक्यावर थांबायचं, पुढे एक शब्द नाही. थांबणं हेच लोकांना जमत नाही, शांतता झाली की भीती वाटते आणि मग माणूस बोलत सुटतो नि स्वतःच दुसरा विषय काढून देतो.

स्टुडिओ आणि बाइट

इथे फार काही नाही, थोडक्यात सांगतो. बाइट, म्हणजे बातमीत घेतात तो बोलण्याचा तुकडा, वीसतीस सेकंदांचा लागतो, म्हणून पूर्ण वाक्यात बोला, "जसं मी मघाशी म्हटलं" असलं काही नको, ते एडिटमध्ये लटकतं. समोरच्याने वापरलेला वाईट शब्द स्वतःच्या तोंडाने परत म्हणू नका, "आम्ही जमीन विकली नाही" असं म्हणालात की खाली पट्टीवर जमीन विकल्याचाच विषय चालतो, त्यापेक्षा जे केलं ते सांगा. अँकर होय की नाही विचारतो आणि दोन्ही उत्तरं अर्धवट असतील तर सांगा की ह्याला दोन भाग आहेत, पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. चौघं एकदम ओरडत असतील तेव्हा तुम्ही ओरडू नका, हात वर करून बसा, कॅमेरा शेवटी गप्प बसलेल्याकडे येतो. अँकर कोकणीत विचारेल, पॅनलवरचा दुसरा इंग्लिशमध्ये बोलेल, तुम्हाला जी येते त्यात बोला, पण कोकणी-मराठीच्या जुन्या भांडणात कोणी ओढलं तर जाऊ नका, १९८७ च्या राजभाषा कायद्यावर वेगळी डिबेट ठेवा म्हणा, नाहीतर खड्ड्यांचा विषय सुरू झालेला असतो आणि संपतो तो भलतीकडे.

पत्रकार परिषद घ्यायची तर सकाळी उशिरा घ्या, संध्याकाळी पाचला बोलावलं तर पेपरवाल्याला लिहायला आणि दुसऱ्या बाजूची प्रतिक्रिया घ्यायला वेळ राहत नाही. प्रेस नोट एक पान, मराठीत एक आणि इंग्लिशमध्ये एक, कागदाची झेरॉक्स जोडलेली. पहिल्या वाक्यातच मुद्दा, नेत्याचं नाव आणि पदं नंतर.

ग्रामसभा, इथे खरा मुद्दा मिळतो

टीव्हीवरची डिबेट लोक विसरतात, ग्रामसभेचं इतिवृत्त राहतं. मागे एका गावातली ग्रामसभा बघितली, रविवार सकाळ, पंचायतीचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, विषय होता शेतात माती घालून केलेला भराव. दोन पोरं उठली आणि सरपंचांवर बराच वेळ तोंडसुख घेतलं, दिल्लीवाले आले, गाव विकलं, सेटिंग झालंय, सगळं. सरपंच शांत बसलेले, त्यांना सवय. मग मागच्या रांगेतली एक शेतकरी बाई उठली, बाजूच्याच सर्व्हे नंबरात तिचं शेत, हातात एक चिठ्ठी. तिने एवढंच विचारलं की ह्या सर्व्हे नंबरात माती घालायला परवानगी कोणी दिली आणि कुठल्या तारखेला. सरपंच म्हणाले बघतो. ती बसली नाही. सचिवांकडे वळून म्हणाली, "पळयतां म्हणून बरयात, आनी केन्ना मेरेन तेंय बरयात." म्हणजे 'बघतो' असं लिहा, आणि कधीपर्यंत तेही लिहा. सचिवांनी सरपंचांकडे बघितलं, सरपंचांनी जरा वेळ घेतला, मग पंधरा दिवस म्हणाले, आणि ते लिहिलं गेलं. पोरांच्या भाषणातली एक ओळ पण इतिवृत्तात आली नाही.

त्या बाईने जे केलं ते कोणालाही करता येतं. आधी प्रश्न लेखी द्या, पंचायतीत जाऊन, आणि तुमच्या कॉपीवर इनवर्ड नंबर नि शिक्का घ्या. सभेत सुरुवातीला मागचं इतिवृत्त वाचतात तेव्हा झोपू नका, मागच्या वेळी जे ठरलं ते नीट लिहिलंय का ऐका, चुकीचं असेल तर तिथल्या तिथे हरकत घ्या. ठराव मांडायचा तर शब्द घरून लिहून न्या, "बेकायदा बांधकामं थांबवावीत" असला ठराव कोणीही पास करतो आणि त्याने काही थांबत नाही, त्याऐवजी सर्व्हे नंबर, किती दिवसांत काय करायचं, आणि कुणाला कळवायचं हे ठरावातच घाला. भरावाचं असेल तर टीसीपी (नगर नियोजन) कायद्याचं कलम १७अ लिहा, सखल जमीन भरायला आणि डोंगर कापायला परवानगी लागते ती त्याच्याखाली, आणि प्रत उपजिल्हाधिकारी नि मामलेदारांना पाठवायची हे पण लिहा. अनुमोदक आधी ठरवा, आयत्या वेळी कोणी हात वर करत नाही, लोक शेजाऱ्याला घाबरतात आणि त्यात त्यांची चूक नाही, गावात राहायचं असतं. नंतर इतिवृत्ताची प्रमाणित प्रत मागा. ती प्रत घेऊन पत्रकाराकडे जा, बघा कसा फरक पडतो ते.

काय बोलायचं नाही

चोर, भ्रष्ट, दलाल हे शब्द माणसाच्या नावाला जोडू नका. एक तर कायदा, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, बदनामीला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आपल्याकडे नोटिसा निघतात. पण मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते असं की शिवी दिली की समोरच्याला शिवीवर बोलायची सोय होते. "निविदा एकाच कंपनीची आली तरी ती का उघडली" हे ऐकल्यावर त्याला निविदेवरच बोलावं लागतं.

आणि दुसरं, हे मी प्रत्येक पोराला हात जोडून सांगतो, जमिनीच्या नि घरांच्या विषयावर बोलताना बाहेरून आलेल्या मजुराकडे बोट दाखवू नका. टाळ्या पडतात, मला माहीत आहे. पण डोंगर कापायची परवानगी त्या मजुराने दिलेली नसते, झोन त्याने बदललेला नसतो, २०२३ मध्ये टीसीपी कायद्यात झोन बदलायला वाट देणारं १७(२) हे कलम त्याने घातलेलं नाही. ज्याने सही केली त्याला विचारायचं सोडून जो पत्र्याच्या खोलीत राहतो त्याला बोललात की सही करणारा खूश होतो. धर्माचं पण तेच, चर्च आणि देवळाच्या आवारातला विषय रस्त्याच्या खड्ड्याच्या डिबेटमध्ये आला की खड्डा तसाच राहतो.

नंतरचे दोन दिवस

डिबेट झाली की लोक क्लिप कापून टाकतात. तुम्ही टाकताना समोरच्याचा प्रश्न आणि त्याचं उत्तर दोन्ही ठेवा, पंधरा सेकंद जास्त गेले तरी चालेल, कारण तो त्याची अख्खी क्लिप टाकणारच आणि मग तुमची कापलेली दिसणार. तुमचा आकडा चुकला असेल तर कोणी दाखवायच्या आत त्याच रात्री तुम्हीच पोस्ट टाका, बरोबर आकडा आणि कागदासकट. संपादकांना पत्र लिहायची पद्धत आपल्याकडे अजून जिवंत आहे, मराठी पेपरात वाचकांची पत्रं खरंच वाचली जातात, विशेष करून निवृत्त शिक्षक आणि सरकारी नोकरीतले लोक वाचतात आणि तेच चौकात सांगतात, तेव्हा दीडशे-दोनशे शब्दांत तोच एक मुद्दा लिहून पाठवा.

आणि समोरच्याने जे कबूल केलं, "महिन्याभरात काम सुरू होईल" वगैरे, ते वहीत तारखेसकट लिहा. सरकारने सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा तुमच्या आमदाराकडून करून घ्या, पंचायतीत दिलेल्या शब्दाचा पुढच्या ग्रामसभेत, आणि टीव्हीवर दिलेल्याचा एका आरटीआयने. महिना संपला की दुसऱ्या दिवशी अर्ज टाका, १० रुपये लागतात, आणि उत्तर आलं की त्याच चॅनलच्या त्याच अँकरला पाठवा, म्हणा मी परत यायला तयार आहे.